बर्निसचं नाक

त्या वर्षी गावजेवणात काकड्या संपल्या, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की बर्निसचं काहीतरी बिनसलंय.

मेपलचा हंगाम सरला की एप्रिलमध्ये आमच्या कॅलवे गावाच्या सभागृहात जेवण असतं. मार्चमध्येच स्वच्छ बर्फ भरून फ्रीजरात ठेवलेला असतो. तो परातींत काढायचा, त्यावर बर्निस थिबोच्या गुऱ्हाळातला, मेपलच्या झाडाच्या रसाचा गरम पाक ओतायचा, आणि तो चिवट झाला की काट्याला गुंडाळून खायचा. सोबत साधे डोनट आणि व्हिनेगरमधल्या आंबट काकड्या. गोड फार झालं की काकडीचा एक घास, की पुन्हा पाकाला जागा होते. काकड्या वाढायचं काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे. मी तीन मोठ्या बरण्या घेऊन जाते आणि निम्म्या परत आणते. त्या दिवशी साडेसहालाच बरण्यांचा तळ दिसला. आणि बघते तर काय, परातींत पाक तसाच.

कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या व्हरमाँट राज्याची ही खोडच आहे. जेवण बिघडलं तर लोक ‘छान होतं हं’ म्हणून कोट चढवतील आणि घरी जाऊन चीज-पाव खातील. मी मात्र तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे, माझ्याकडे असला सभ्यपणा शिल्लक नाही. मी एक घास घेतला आणि हातातल्या रुमालात थुंकले. पाकाला कळी लागली होती!

ही कळी म्हणजे गुऱ्हाळवाल्यांचा वैरी. वसंतात मेपलच्या कळ्या फुगू लागल्या की झाडाचा रस बदलतो. कच्चा रस चाखा, काही कळत नाही, पाण्यासारखाच. तापवला की हळूहळू एक वास सुटतो, आणि पाक होईपर्यंत कडू, कोंदट, जिभेवरून न जाणारी चव तयार होते. पाक झाल्यावर काय, कुणालाही कळेल. काहिलीवरच्या वाफेत ते आधी ओळखायचं, आणि त्या दिवसापासून हंगाम बंद करायचा, ह्याला नाक लागतं. थिबोंच्या घरात ज्याला नाक, त्याची काहील. बर्निस एकोणीस वर्षांची असताना तिच्या वडिलांनी पळी तिच्या हातात दिली, धाकट्या भावाच्या, आर्मंडच्या नाही. आर्मंडने कधी कुरकुर केली नाही. झाडं, रस आणणाऱ्या नळ्या, भट्टीचं लाकूड त्याच्याकडे, आणि वाफ बर्निसकडे. ती वाफेत वाकायची, क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, ‘बास.’ बास म्हणजे बास. तिच्या एका शब्दावर आर्मंडने टाक्याच्या टाक्या ओतून दिल्या आहेत. चाळीस वर्षांत एक डबा कळीचा गेला नव्हता, आणि आता अख्ख्या गावाच्या ताटात तोच!

मी तिला सभागृहाच्या स्वयंपाकघरात गाठलं. भांडी विसळत होती.

“बर्नी, हा काय प्रकार आहे?”

“आर्मंडने पिंपं उन्हात ठेवली असणार,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

“आर्मंडचं नाव घेऊ नकोस. एप्रिलात इथे ऊन कुठून आणलंस? बोल खरं.”

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. माझी बर्निस, जी नवऱ्याच्या अंत्यविधीला ताठ उभी होती, ती तिथे साबणाच्या पाण्यात हात घालून हमसाहमशी रडायला लागली.

“डॉट, मला वास येत नाही गं. म्हणजे येतो. पण खोटा येतो.”

जानेवारीत तिला कोविड झाला होता. ताप चार दिवसांत उतरला. वास आधी गेला, मग परत आला तो हा असा वेडावाकडा. कॉफीला जळक्या टायरचा, कांद्याला गटाराचा, अंड्यांना साबणाचा. आणि मेपलच्या वाफेला, जिच्यात ती लहानाची मोठी झाली, त्या वाफेला सडक्या गवताचा. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तोच. त्यात कळी कशी ओळखणार?

“मग तू हंगामभर केलंस काय?”

“कॅलेंडर बघून उकळलं,” ती म्हणाली. “दरवर्षी ज्या तारखेच्या आसपास थांबतो, त्या तारखेपर्यंत.”

नेमका त्या वर्षी वसंत आठवडाभर लवकर आला होता. गुऱ्हाळवाल्या बाईने तारखेवर विश्वास ठेवला! मला राग यावा की कीव, कळेना. दोन्ही आलं. मी म्हटलं, “अगं, सांगितलं असतंस तर कुणी तुला खाल्लं असतं का?” तर म्हणाली, “चाळीस वर्षं मी दुसरं काय केलंय, डॉट? वास घेण्याशिवाय मला येतंय काय?”

दुसऱ्या दिवशी तिने आर्मंडला सगळं सांगून टाकलं आणि वर शपथच घेतली. पुढच्या हंगामापर्यंत नाक ठिकाणावर आलं नाही तर ती काहिलीजवळ उभी राहणार नाही. आर्मंडने उभं राहायचं.

“मी?” आर्मंड उडालाच. “बर्नी, स्कंकसारख्या दुर्गंधी जनावराने माझ्या गाडीखाली घाण केली तरी मला दोन दिवसांनी कळतं. माझ्या नाकावर गुऱ्हाळ चालवायचं तर सरळ कुलूप लाव.”

“मग कुलूप लावू,” ती म्हणाली आणि घरात निघून गेली.

तो उन्हाळा वाईट गेला. गावच्या डॉक्टरांनी वास शिकवायच्या चार बाटल्या दिल्या: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि मनात तो वास आठवायचा. काहींना गुण येतो म्हणे. बर्निस हुंगायची आणि शिव्या घालायची. “गुलाब म्हणे! मेल्यांनी गटाराला लेबल लावलंय.” पण एक दिवस चुकवला नाही. खायची काय, तर उकडलेला बटाटा आणि साधी मॅकरोनी. कंबर अशी बारीक झाली की तिने आर्मंडचा पट्टा नेऊन त्याला खिळ्याने नवी भोकं पाडली. दुपारी जिना चढली तरी बसून घ्यायची. आधी हीच बाई बर्फात चालायचे रुंद बूट घालून दिवसभर रानात फिरायची.

इथे माझ्या हाताची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. त्याच्या दोन वर्षं आधी बसच्या पायरीवर बर्फावरून घसरून माझं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हाताची आग जाईना. नुसती बाही घासली तरी मी किंचाळायची. शेवटी मला नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात वेदनांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, नदीन अबूद म्हणून. त्यांनी माझ्या मानेत सुई दिली. हात दुखतोय आणि सुई मानेत! मी त्यांना तोंडावर म्हटलं की डॉक्टर, नकाशा उलटा धरलाय का? त्या हसल्या. तीन वेळा सुई दिली आणि आज मी त्या हाताने बरणीचं झाकण उघडते. सप्टेंबरात मी दाखवायला गेले तेव्हा बोलण्याच्या ओघात बर्निसबद्दल बोलले, तर अबूदबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हीच सुई आता असल्या बिघडलेल्या वासासाठीही काही जणांना देऊन बघतात. त्यांनीही काहींना दिली होती.

मी घरी न जाता थेट बर्निसच्या दारात.

“नाकासाठी मानेत सुई?” ती म्हणाली. “डॉट, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?”

“माझं डोकं राहू दे. हा हात बघ,” मी म्हटलं आणि त्या हाताने तिचा दंड असा आवळला की ती ओरडली. “हा हात मागच्या वर्षी चमचा धरत नव्हता. चल गुपचूप.”

अबूदबाईंनी तिला समोर बसवून नीट सांगितलं. मानेत नसांचा एक गुंता असतो. अंगातली धोक्याची घंटा तो वाजवतो. आजार जातो, पण काहींच्या बाबतीत घंटा वाजतच राहते. तो गुंता काही तास बधिर केला तर कधीकधी घंटा थांबते आणि सगळं पुन्हा ताळ्यावर येतं. “हा आमचा अंदाज आहे,” त्या म्हणाल्या. “नक्की कुणालाच माहीत नाही. अभ्यास झालेत ते लहान. माझ्या काही पेशंटना चांगला गुण आला, काहींना अर्धामुर्धा, काहींना शून्य. मी वचन देणार नाही.”

बर्निस म्हणाली, “मेपलचं झाडही मला कधी काही लिहून देत नाही, डॉक्टर. करा.”

ऑक्टोबरात पहिली सुई. मला आत बसू दिलं. मानेला गार जेली, पडद्यावर करडी चित्रं, आणि अबूदबाई चित्र बघत बारीक सुई सरकवतायत. “बोलू नका, गिळू नका,” त्या म्हणाल्या, आणि मी मनात म्हटलं, बर्निसला इतका वेळ गप्प बसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. पाच-सात मिनिटांत तिची उजवी पापणी खाली आली, डोळा लाल झाला, त्या बाजूचा गाल गरम. आवाज फाटला. मला हे सगळं माहीत होतं, मी अनुभवलेलं, तरी मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. अबूदबाई मात्र खूश. “डोळा मिटला, म्हणजे औषध योग्य जागी पोचलं. संध्याकाळपर्यंत उघडेल.”

आणि वास? नर्सने मुद्दाम कॉफीची पुडी फोडून नाकाशी धरली. बर्निसने मान फिरवली. “टायर,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. झालं! पाणी नीट गिळता येतंय हे दोनदा बघून त्यांनी आम्हाला सोडलं.

तासभर मी गाडी चालवली. मला भूक लागली होती, आणि मी दुःखात असले की भूक दुप्पट लागते. रस्त्यावरच्या खानावळीसमोर मी गाडी थांबवली. एरवी बर्निस बाहेरच थांबली असती, कांद्याच्या भीतीने. पण तिला एकटं सोडायचं नाही असं नर्सने बजावलं होतं, म्हणून मी तिला हाताला धरून आत नेलं. टेबलापाशी बसलो. समोरच्या म्हाताऱ्याने तिच्या मिटलेल्या डोळ्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि उलट डोळा मारला.

“आता ह्याचं काय करू?” मी म्हटलं.

बर्निस ताठ झाली होती. मग उठली आणि सरळ चालत स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली. आत आचारी तव्यावर कांदा परतत होता.

“हा कांदा आहे,” बर्निस म्हणाली.

“मग काय गुलाब आहे?” आचारी म्हणाला.

“कांदा आहे! नुसता कांदा!” ती त्या फाटक्या आवाजात ओरडली. “डॉट! इकडे ये! कांदा!”

सगळी खानावळ बघायला लागली. तिने लिव्हर आणि कांदा मागवला, संपवला, पुन्हा कांदाच मागवला. मी काही खाल्लं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी ते कांद्यावर ढकलत होते.

आठवडाभराने डावी बाजू. कॉफी परत आली, टोस्ट परत आला. डिसेंबरात अचानक सगळं पुन्हा वाकडं झालं, बर्निस पडलेल्या तोंडाने आठ दिवस घरात बसली, मग तिसरी सुई, आणि गाडी पुन्हा रुळावर. दुपारचं बसून घेणंही कमी झालं. अंडी मात्र नाहीत. अंड्याला अजून साबणच. अबूदबाई म्हणाल्या, जे आलंय ते धरून ठेवू. पण बर्निसला पुरे नव्हतं. “कांदा काय, आंधळ्या कुत्र्यालाही कळतो,” ती मला म्हणायची. “कळी कळली तर खरं.”

मार्च आला. आर्मंडने न विचारता पळी तिच्या जागी टांगून ठेवली आणि ती तिथे जाऊन उभी राहिली. पाक झाला उत्तम, सोनेरी. पण हंगामाच्या भरात पाक कुणाचाही गोड होतो. ती वाफेत वाकायची आणि मग चोरून माझ्याकडे बघायची. चाळीस वर्षांत तिने वाफेतून उठून कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस ऊब पडली, मग दोन रात्री कडक थंडी, आणि रस असा सुटला की नळ्या गुणगुणायला लागल्या. टाकी काठोकाठ. भर दुपार, आर्मंड लाकूड घालतोय, मी डबे पुसतेय, बर्निस काहिलीवर. फेस वर आला, तिने लोण्याचा लहान गोळा टाकून तो बसवला. वाकली. उठली. पुन्हा वाकली. ह्या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

“आर्मंड, लाकूड बंद. बास.”

“काय?”

“कळी आहे.”

आर्मंडने काहिलीतला रस पळीने घेऊन चाखला. मला दिला, मीही चाखला. मला शप्पथ काही लागलं नाही. गोडसर, स्वच्छ. आर्मंडने सकाळीच दुर्बिणीने शेंडे पाहिले होते, कळ्या अजून घट्ट मिटलेल्या. आणि टाकीत रसाचा वर्षातला सगळ्यात मोठा साठा. आजच आटवला नाही तर उबेत उद्यापर्यंत नासणार होता.

आर्मंड ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळुवार बोलला. “बर्नी, अंड्यांना अजून तुला साबणाचा वास येतो. तसंच काहीतरी नसेल ना हे?”

तिचं तोंड पांढरं पडलं. कारण हाच प्रश्न ती स्वतःला विचारत होती. नाक खोटं बोलत होतं तेव्हाही ते खऱ्यासारखंच बोलत होतं. वर्षभर तिने त्या नाकाचं खोटं ऐकलं होतं. आता ते काय सांगतंय, हे तपासायला तिच्याकडे दुसरं नाक नव्हतं. मला वाटलं, आता ही पळी खाली ठेवणार आणि पुन्हा उचलणार नाही. मी डबा घट्ट धरून उभी राहिले.

तिने तिसऱ्यांदा वाकून वाफ घेतली. सावकाश, पोटापर्यंत.

“लाकूड बंद कर,” ती म्हणाली. “लहान पातेल्यात काढ आणि शेगडीवर आटव. पाक होऊ दे. मी चूक निघाले तर उद्यापासून काहील तुझी.”

आर्मंडने भट्टीचं दार लावलं. आम्ही तिघं त्या पातेल्याभोवती तासभर उभे. कुणी बसलं नाही. पाक झाला, पळीवरून पडद्यासारखा ओघळला, दिसायला देखणा. आर्मंडने पातेलं बाहेर बर्फात दाबून गार केलं आणि बोट बुडवून तोंडात घातलं.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आधी काही नाही. मग भुवया वर. मग ओठ वाकडे. तो वळला आणि बर्फावर थुंकला, एकदा, दोनदा, आणि जीभ बाहीला पुसली.

“काय?” मी ओरडले. “काय रे?”

“कडू जहर,” तो म्हणाला. “अख्खी टाकी कळीची.”

मी चाखलं. शी, शी, शी! गेल्या वर्षी सभागृहात थुंकले होते, तेच. आर्मंड बहिणीकडे बघत राहिला. “बर्नी, दुर्बिणीला दिसलं नाही ते तुला वाफेत कळलं? वडिलांनाही इतक्या लवकर कळलं नसतं गं.” आणि तो गेला आणि टाकीची तोटी सताड उघडून दिली. रसाचा वर्षातला सगळ्यात मोठा साठा भळभळ उतारावरून चालला, आणि तो गडी हसत होता!

बर्निस ते बघायलाही वळली नाही. ती बर्फात गुडघ्यांवर बसली होती, ते पातेलं दोन्ही हातांनी तोंडापाशी धरून, नाक पार आत खुपसून.

“ए, ओतून टाक ते,” मी म्हटलं. “घाण आहे नुसती.”

“आहे ना?” तिने तोंड वर केलं. गालांवरून धारा वाहत होत्या आणि ती खदाखदा हसत होती. “डॉट, किती घाण वास येतोय गं! थांब, अजून एकदा घेऊ दे.”